पार्ट शिल्लक आहे

४ सप्टेंबर

दिवसभर मी लोकांना बरोबर काय ते सांगते, आणि घरी गेल्यावर वाटत राहतं की कोणाला तरी काहीतरी चुकीचं सांगितलं गेलं. आई म्हणते, तुझ्या डोक्याला सर्व्हिसिंगची गरज आहे. म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत काउंटरची खिडकी बंद असते, तेवढा वेळ माझा.

आधी जागा सांगते, म्हणजे पुढे घोटाळा नको. (कोणाला सांगते आहे, हा प्रश्नच आहे.) बाबांची मोटरसायकलची एजन्सी आहे. पुढे शोरूम, तिथे दादा नव्या गाड्या विकतो. मागे वर्कशॉप, तिथे फोरमनकाका गाड्या दुरुस्त करतात आणि सगळ्यांवर ओरडतात. दोन्हींच्या मधे एक खिडकी, खिडकीमागे लोखंडी रॅक, आणि रॅकपुढे मी. स्पेअर पार्टचं काउंटर. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिलीच. बाबा लहानपणीच पंक्चरच्या दुकानात लागले. दादाने शाळा आणि शाळेने दादा, दोघांनी एकमेकांना एकाच वर्षी सोडलं. त्यामुळे मी काही बोलले की घरात सगळे जरा थांबून ऐकतात. मला त्याचीच धास्ती असते.

आज कंपनीचे एरिया मॅनेजर आले होते. आम्ही त्यांना नुसतं 'साहेब' म्हणतो. त्यांनी टेबलावर एक तक्ता ठेवला. विभागातल्या डीलरांची 'ग्राहकनिष्ठा'. त्यात आपण शेवटचे.

"शेवटून पहिले म्हणा," साहेब हसून म्हणाले. दादा हसला नाही.

निष्ठा म्हणजे काय, तेही त्यांनी समजावलं. एखाद्याने आपल्याकडून गाडी घेतली आणि पुढची गाडीही आपल्याकडूनच घेतली, तर तो निष्ठावान. पुढची घेतलीच नाही, तर नाही. कंपनीने चौकात दुसरा डीलर नेमला आहे. जमिनीपासून छतापर्यंत काच असलेलं ते शोरूम, म्हणून आम्ही त्यांना 'काचवाले' म्हणतो. आता शहरात एकच डीलर ठेवायचा असं ठरलंय. आपला करार डिसेंबरअखेर संपतो. आकडा असाच राहिला तर बोर्ड उतरवायचा.

बाबांनी साहेबांना आणखी चहा विचारला. एवढंच बोलले.

७ सप्टेंबर

अंडेवाले काका आले होते. ते मागच्या सीटवर अंड्यांचे ट्रे छातीएवढे रचून नेतात आणि आजवर एकही फुटलं नाही असं सांगतात. (फोरमनकाकांच्या मते फुटलेली ते स्वतः खातात.) त्यांच्याकडे आमचं जुनं मॉडेल आहे, जे कंपनीने बनवणं बंद केलंय. स्पीडोमीटरची केबल हवी होती. मी दिली, आणि काढलेली तुटकी केबलही हातात ठेवली. ही माझीच पद्धत आहे. जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा, म्हणजे बदलला की नाही ही शंका त्याच्या मनात राहत नाही.

मग धीर करून विचारलं, "काका, तुम्ही नवी गाडी का नाही घेतलीत आमच्याकडून?"

"नवी कशाला? ही काय आजारी आहे?"

"नाही, पण इतकी वर्षं झाली."

"पोरी, मी नवीच घेणार होतो. दोन वर्षांपूर्वी. हिचा एक पार्ट मिळेना. मग तू बसलीस खिडकीत. तेव्हापासून जे मागतो ते मिळतं. आता ही मरतच नाही. त्यात माझा काय दोष?"

ते हसत गेले. मी खिडकी वेळेआधी बंद केली.

८ सप्टेंबर

आणखी चौघांना विचारलं. चौघांचंही तेच. माझं काउंटर शोरूमला खातंय.

१२ सप्टेंबर

जेवताना सांगून टाकलं. आम्ही जुन्या मॉडेलचे पार्ट ठेवतो, म्हणून लोकांच्या गाड्या चालतात, म्हणून ते नवी घेत नाहीत, म्हणून आपण शेवटचे. आणि जुन्या मॉडेलचे पार्ट मीच जमवले. दूरदूरच्या डीलरांकडे पडून असलेला माल फोन करकरून अदलाबदलीत मागवला. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, काउंटरवर 'नाही' म्हणायला लागू नये, एवढंच काम असतं.

दादा आधी खो खो हसला. मग त्याच्या लक्षात आलं आणि घास हातातच राहिला.

"म्हणजे नीट काम केलं म्हणून शिक्षा?" आई म्हणाली.

"तिला शिक्षा कुठाय," दादा म्हणाला, "शिक्षा मला आहे."

बाबांनी परत वाढून घेतलं. मी विचारलं, "बाबा, मी काय करू?" ते ताटाकडे बघत म्हणाले, "काउंटर तुझं आहे." वर पाहिलंसुद्धा नाही. इतके नाराज मी त्यांना पूर्वी पाहिलेलं नाही.

२० सप्टेंबर

साहेब पुन्हा आले. या वेळी थेट माझ्या खिडकीशी, दादाला बरोबर घेऊन.

"तुम्ही हुशार आहात," ते म्हणाले. "हुशार माणसाला कमी सांगावं लागतं. जुन्या मॉडेलच्या गिऱ्हाइकाला जरा थांबू द्या. दोन-तीन आठवडे बिनगाडीचा राहिला की तो आपोआप शोरूममधे डोकावतो."

"पण पार्ट रॅकवर असला तर?"

"रॅक तुमच्या पाठीमागे आहे ना? गिऱ्हाईक तुमच्या पुढे उभं असतं."

ते गेल्यावर दादा तिथेच रेंगाळला. एरवी तो मला 'प्रोफेसर' म्हणतो, आज म्हणाला नाही. "एकच महिना," तो म्हणाला. "मी आजवर तुझ्याकडे काही मागितलंय का?"

आठवून पाहिलं. एकदा इस्त्री मागितली होती, पण ते धरता येणार नाही.

मी हो म्हटलं.

२२ सप्टेंबर

खोटं मला बोलता येत नाही असं नाही, सवय नाही. म्हणून आज आरशासमोर उभं राहून सराव केला. "नाही, सध्या जमणार नाही." "माफ करा, आमच्याकडून आता काही होण्यासारखं नाही." तिसरं बरं जमलं: "तुम्ही दुसरीकडे पाहिलंत तर बरं होईल."

मागे वळले तर आई दारात.

"इतकं स्पष्ट?" तिने विचारलं.

"स्पष्टच सांगायला हवं ना. उगाच लोकांना ताटकळत ठेवायचं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. मी कळवते." मला वाटलं दादाला कळवणार असेल.

२४ सप्टेंबर

मावशीने माझ्यासाठी जे स्थळ आणलं होतं, त्यांना आईने नकार कळवला आहे. मावशी फोनवर दोन खोल्या पलीकडे ऐकू येईल इतकी चिडली. आई तिला म्हणत होती, "पोरगी आरशासमोर उभी राहून सराव करत होती गं, मला बघवेना." मी खरं काय ते सांगायला हवं होतं. पण इतकं हलकं वाटलं की सांगायचं राहून गेलं. हे बरोबर झालं का, याचा विचार सवडीने करेन.

२५ सप्टेंबर

पहिलाच 'नाही' अंडेवाल्या काकांना म्हणायची वेळ आली. क्लच प्लेटा हव्या होत्या. चढावर गाडी नुसतीच ओरडते, पुढे जात नाही, म्हणाले. प्लेटांचा सेट माझ्या उजव्या खांद्यामागे, वरून दुसऱ्या फळीवर होता.

"नाही. शिल्लक नाही."

"बरं. कधी येईल?"

आता, मी प्रत्येकाला तारीख देते. तारीख चुकणार असेल तर त्याने विचारायच्या आत मीच फोन करते. इथे कुठली तारीख देणार? जी वस्तू आलेलीच आहे तिला येण्याची तारीख नसते.

"तुला बरं नाही का?"

"मी ठीक आहे."

"घाम आलाय."

ते वर्कशॉपमधे जाऊन फोरमनकाकांना सांगून गेले की पोरीकडे लक्ष द्या, तिला चक्कर येतेय. मग गाडी ढकलत निघाले. ट्रे दोरीने बांधलेलेच होते. संध्याकाळी घरी पाहते तर डझनभर अंडी येऊन पडलेली. अशक्तपणावर चांगली असतात, असा निरोप होता.

२६ सप्टेंबर

अंडी दादाने खाल्ली. मला घास गेला नाही.

फोरमनकाका वर्कशॉपमधून खिडकीशी आले, पाने पुसत. "ताई, क्लच प्लेटा आहेत की. मीच ठेवल्या होत्या तिथे."

"माहीत आहे."

"मग काल डोळ्यांना काय झालं होतं?" माझ्या तोंडाकडे पाहून ते पुढचं ओरडणं गिळून गेले.

२७ सप्टेंबर

सकाळीच काकांना फोन लावला. 'आला' म्हणायचं की 'आहे' म्हणायचं, यावर बराच विचार केला. 'आला' खोटं ठरलं असतं.

"काका, क्लच प्लेटा आहेत."

"काल आल्या वाटतं?"

"नाही. तेव्हाही होत्या."

मग ते म्हणाले, "ते कळलंच होतं मला. 'नाही' म्हणताना वळून वर बघितलंस. मी म्हटलं, असेल काहीतरी कारण, ही पोर उगाच नाही म्हणायची नाही."

"मग दुसरीकडे का नाही गेलात?"

"दुसरीकडे कुठे? चार दिवसांत तू फोन करशील, एवढी खात्री होती. दोनच दिवसांत केलास. मुळात तब्येतीने अशक्त आहेस."

मी अंड्यांबद्दल आभार मानले. खाल्ली कोणी ते सांगितलं नाही.

नंतर दादाला सांगितलं की मला हे जमणार नाही, एक महिनासुद्धा नाही. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. जे सांगायचं ते फोरमनकाकांमार्फत सांगतो, मी समोर असताना. "तिला सांगा, दरवाजा लावून घे." फोरमनकाका म्हणतात, "ताई, दरवाजा. आणि मला निरोप्याचा पगार वेगळा."

९ ऑक्टोबर

गेले काही दिवस लिहिण्यासारखं नव्हतं. डोंगरापलीकडच्या शहरातल्या डीलरकडून ऑइल सील आले. तिथल्या पार्ट काउंटरवरचे गृहस्थ काम फार चोख करतात. मागितलेल्यापेक्षा चार जास्तच पाठवतात आणि प्रत्येक सील वेगळा कागदात गुंडाळलेला असतो. मी असं कधी करत नाही. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

१४ ऑक्टोबर

आज मागच्या दाराने फोरमनकाकांचे जावई आले. ते काचवाल्यांच्या वर्कशॉपमधे मेकॅनिक आहेत. जगावर ओरडणारे फोरमनकाका जावयासमोर एकदम मऊ होतात. स्वतःचं स्टूल पुसून दिलं त्यांनी.

प्रकरण असं. काचवाल्यांकडे नव्या गाड्या खच्चून येतात, पार्ट येत नाहीत. कारण ते मागवतच नाहीत. काचेमागे गाडी शोभते, ऑइल सील शोभत नाही. एका बाईंची नवी गाडी ब्रेकच्या लिव्हरसाठी तीन आठवडे तिथे उभी आहे. त्या रोज येतात, आणि त्यांना रोज 'उद्या' सांगितलं जातं. जावईबापूंना आता त्यांच्यासमोर जायची लाज वाटते.

"तुमच्याकडे लिव्हर आहे, असं ऐकलं," ते म्हणाले.

दादा आत येऊन उभा राहिला होता. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला. "देऊ नकोस. ज्याने विकली त्याने निस्तरावं."

फोरमनकाका म्हणाले, "मालक, माझी मुलगी दिलीय त्या घरात. जावयाला नाही कसं म्हणू?"

"तुम्ही नका म्हणू. ही म्हणेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्याला बुडवणाऱ्याची गिऱ्हाइकं आपण का सांभाळायची? पण त्या बाईंनी आपल्याला बुडवलेलं नाही. त्यांनी फक्त गाडी घेतली आहे.

मी म्हटलं, "मागच्या दाराने देणार नाही. त्यांना गाडी घेऊन पुढच्या दाराने यायला सांगा. आपल्या गिऱ्हाइकासारखं मिळेल, आपल्या गिऱ्हाइकाच्या दराने."



१५ ऑक्टोबर

बाई आल्या. पाच मिनिटांत लिव्हर बसला. मी जुना लिव्हर त्यांच्या हातात ठेवला तेव्हा त्या त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "एवढ्याशासाठी?" आणि डोळे पुसायला लागल्या. मी घाबरून पाणी आणलं. दादा लांबून बघत होता.

२ नोव्हेंबर

काचवाल्यांची गिऱ्हाइकं आता रोज येतात. एकजण दुसऱ्याला सांगतो. रांग शोरूममधून जाते, नव्या गाड्यांच्या मधून. दादा त्यांना चिडून बघत बसायचा. चार दिवसांपूर्वी बघणं सोडून बोलायला लागला. न बोलता बसणं त्याला जमतच नाही. आता रांगेत कोणाची चेन ढिली आहे, कोणाच्या आरशाला तडा गेलाय, ते खिडकीपर्यंत यायच्या आतच त्याला कळलेलं असतं, आणि तो तिथूनच ओरडतो, "प्रोफेसर, डावा आरसा एक!"

'प्रोफेसर' परत आलं. बरं वाटलं.

११ नोव्हेंबर

आनंद फार लवकर केला. आज रांगेतल्या तिघांनी भावाबहिणींसाठी नव्या गाड्या आपल्याकडून घेतल्या. मी हिशेब मांडून साहेबांना फोन केला की आता निष्ठेचा आकडा वर जाईल. ते म्हणाले, "कसा जाईल? ही गिऱ्हाइकं मुळात त्यांची. ती तुमच्याकडे आली, त्यामुळे त्यांचा आकडा खाली आला. तुमचा आहे तिथेच. आता विभागात शेवटचे दोन नंबर तुम्हा दोघांचे आहेत. मला वरून बोलणी बसतायत ती तुमच्यामुळे."

दादाला सांगितलं. तो टेबलावर डोकं ठेवून हसत सुटला, आणि मग मलाही आवरेना. हसण्यासारखं काही नव्हतं.

डोंगरापलीकडच्यांचा फोन आला होता. काही हवं होतं का विचारलं तर म्हणाले, लाइन चालू आहे का ते तपासत होतो. या महिन्यात चौथ्यांदा. त्यांच्या फोनमधे काहीतरी बिघाड दिसतो.

२८ नोव्हेंबर

साहेब आज कंपनीच्या पार्ट विभागाच्या मुख्य मॅडमना घेऊन आले. एकाच शहरातले दोन डीलर तळाला कसे, हे त्यांना स्वतः बघायचं होतं. मॅडम खुर्चीत बसल्याच नाहीत. सरळ माझ्या रॅकमधे शिरल्या. मी मागे मागे. त्या एक खोका काढत, उघडत, परत ठेवत.

"हे आमच्या गोदामातही नाही," एकदा म्हणाल्या. "कुठून आणलंत?"

मी सांगितलं. कुठल्या डीलरकडे काय पडून होतं, त्याला बदल्यात काय दिलं. एकदा सुरुवात झाल्यावर थांबता आलं नाही. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक हात हलवत परत जातं का?"

"तारीख घेऊन जातं," मी म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून जोडलं, "सप्टेंबरात एकजण खोटं ऐकून परत गेला होता. मी सांगितलं होतं. नंतर बोलावून दिलं."

साहेब खोकले. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी घालवलं सगळं.

मग सगळे बाबांच्या टेबलाभोवती बसले. दोन रस्ते आहेत, असं सांगण्यात आलं. पहिला साहेबांचा: करार वर्षभर वाढवू, पण जुन्या मॉडेलचा सगळा माल कंपनीला परत करायचा आणि पुढे ठेवायचा नाही. दुसरा मॅडमचा: नव्या गाड्या सोडा, काचवाले विकतील. तुम्ही अख्ख्या विभागाचा पार्ट डेपो चालवा. काचवाल्यांसकट सगळे डीलर तुमच्याकडून माल उचलतील. वर्कशॉप राहील.

बाबा म्हणाले, "घरात विचारून सांगतो."

२९ नोव्हेंबर

रात्रीची जेवणं उरकल्यावर बाबांनी आधी मला विचारलं. मी तयारी करून बसले होते. म्हटलं, करार वाढवावा. शोरूम दादाचं आहे. त्याने गाड्यांखेरीज दुसरं काही विकलेलं नाही. बाबांनी बोर्डवर स्वतः चढून पहिला दिवा लावला होता. माझ्या चार फळ्यांसाठी ते सगळं उतरवणं बरोबर नाही. माल परत पाठवायचा तर मी खोके भरून देईन.

हे सगळं खरं होतं. तरी खोके किती लागतील, ते मात्र मी मोजलं नव्हतं.

बाबांनी दादाकडे पाहिलं. आईनेही. दादा दात कोरत होता.

"रॅक ठेवा," तो म्हणाला.

"मग तू काय विकशील?" आईने विचारलं.

"मी गाडी विकतो ती एका माणसाला एकदा. मग तो मला रस्त्यात ओळखतही नाही. ही त्याच माणसाला वर्षभर काही ना काही विकते, वर तो हिच्यासाठी अंडी पाठवतो. मला का नकोत अंडी?"

"ती तूच खाल्लीस," मी म्हटलं.

"म्हणून तर चव कळली." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "परवा कोणीतरी विचारत होतं, तुम्ही त्या पार्टवाल्या ताईंचे भाऊ का? मी हो म्हटलं. लगेच त्याने मला बसायला जागा दिली. माझ्याच शोरूममधे."

दादाला पार्ट विकण्यात फायदा दिसला, हे बरंच झालं. हिशेबाचा माणूस आहे तो.

बाबा उठले, हात धुवायला गेले, आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. आई म्हणाली, "जाऊ दे, धुऊ दे त्यांना."

३१ डिसेंबर

बोर्ड उतरवला. उरलेल्या नव्या गाड्या काचवाल्यांचा ट्रक घेऊन गेला. दादाने प्रत्येक गाडीची टाकी पुसून दिली. मला वाटलं होतं बाबांना त्रास होईल, पण ते ट्रकवाल्याला मागे घ्या, मागे घ्या करत होते. रिकामी फरशी केवढी मोठी दिसत होती. फोरमनकाका तिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, आता इथे तुमचं ओरडणं घुमणार." मी ओरडत नाही, असं सांगितलं. "शिकाल," म्हणाले.

५ जानेवारी

डेपोचा पहिला दिवस. रॅक पुढे आले आहेत, रस्त्यावरून दिसतात. खिडकी काढून तिथे लांब काउंटर केलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला दादा, ज्याला अजून वॉशर आणि सर्कलिप यातला फरक कळत नाही पण सांगतो आत्मविश्वासाने. मी त्याला प्रत्येक खोका उघडून दाखवते. आज त्याने एका गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हटलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच दुरुस्त केलं: "उद्या नाही. बुधवारी. आलं नाही तर मी फोन करेन." माणूस निघून गेल्यावर तो मला म्हणाला, "आता बुधवारपर्यंत झोप येणार नाही. तू हे रोज करतेस?"

रोजच करते. ते कौतुकाचं काही असेल असं वाटलं नव्हतं.

काचवाल्यांची पहिली ऑर्डर आली, जावईबापूंच्या हाती, पुढच्या दाराने. डोंगरापलीकडचे गृहस्थ शुक्रवारी स्वतः येणार आहेत, रॅकची मांडणी बघायला. त्यासाठी इतक्या लांब येण्याची गरज नाही, फोटो पाठवते, असं मी कळवलं. तरी येतायत. आईने विचारलं, किती वाजता पोचतील. तिला रॅकमधे कधीपासून रस वाटायला लागला कोण जाणे.

दुपारी डेपोच्या परवान्याचा अर्ज भरायचा होता. बाबा कागद घेऊन माझ्या टोकाला आले. "तूच भर. मला चष्मा सापडत नाही."

चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. मी सांगितलं.

"हो का," ते म्हणाले, आणि तो काढून खिशात ठेवला. "मालकाचं नाव विचारलंय तिथे तुझं लिही. मला ती बारीक अक्षरं झेपत नाहीत."

"पण बाबा, मालक तर..."

"गिऱ्हाईक उभं आहे. लवकर लिही."

मी लिहिलं. शंका आली म्हणून दोनदा तपासलं, नाव बरोबर होतं. दादा वाकून बघत होता, नुसतंच पेनचं टोपण माझ्यापुढे धरून उभा राहिला. मग बाबांनी कागद मागून घेतला, दारापाशी उजेडात नेला आणि त्या एका ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ वाचत राहिले, चष्म्याशिवाय.